बाहेरून बसणारे

आमच्या जाफराबाद भागात अर्ध्यावर शाळा सुटलेल्या माणसाला त्याचे शिक्षण विचारले, तर तो इयत्ता सांगतो आणि गप्प होतो. "सातवीपर्यंत होतो." "नववीला होतो." कारण कोणी विचारत नाही, कारण ते सर्वांना ठाऊकच असते. बाप वारला, दुकानावर बसावे लागले, बहिणीचे लग्न निघाले, उर्दू शाळा संपली आणि पुढची मराठी झेपली नाही. यातलाच एखादा दहा-बारा वर्षांनी पुन्हा पुस्तक हातात धरतो, फॉर्म भरतो, पास होतो आणि पेढे न वाटता एवढेच सांगतो, "दहावी केली, बाहेरून." बाहेरून बसणे हा आमच्याकडचा जुना शब्दप्रयोग. मंडळाच्या कागदोपत्री त्याला खाजगी विद्यार्थी म्हणतात आणि अर्जाच्या क्रमांकावरून लोक त्याला 'सतरा नंबरवाला' म्हणतात. हा शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली जातो, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. तो का खाली जावा, असा प्रश्न आम्हाला पडत आला आहे. म्हणून या बाहेरून बसणाऱ्यांचा इतिहास मांडण्याचा हा एक प्रयत्न.

मुसलमानांच्या शिक्षणाचा इतिहास लिहायला घेतला की आपण संस्थांची नावे लिहितो. १८७४ ची मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम, १८७५ चे अलीगढ, १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ, १९६३ साली डॉ. रफिक झकेरियांनी औरंगाबादेत उभे केलेले मौलाना आझाद महाविद्यालय. ही नावे घ्यायलाच हवीत. पण हा इतिहास वर्गात बसलेल्यांचा आहे. ज्यांची नावे पटावरून कमी झाली आणि तरीही ज्यांनी पुन्हा परीक्षेचा रस्ता धरला, त्यांची संस्था नव्हती, त्यांची स्मरणिका निघाली नाही, त्यांचा गुणगौरव समारंभ झाला नाही. त्यामुळे ते इतिहासातही बाहेरूनच राहिले.

या इतिहासाचे पहिले पान महाराष्ट्रात फार मोठ्या माणसाच्या नावाने सुरू होते. महात्मा जोतिराव फुले हे शाळा सुटलेले विद्यार्थी होते. गोविंदरावांनी लोकांच्या बोलण्यात येऊन मुलाला शाळेतून काढले आणि शेतीच्या कामाला लावले. मुलाचे लग्नही झाले. आज असे झाले तर आपण त्या मुलाच्या नावापुढे गळती असे लिहून मोकळे होऊ. पण फुल्यांच्या शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे फारसीचे शिक्षक राहत. त्यांनी आणि लिजिट नावाच्या ख्रिस्ती गृहस्थांनी या मुलाची बुद्धी ओळखली, गोविंदरावांना समजावले, आणि १८४१ मध्ये जोतिराव पुन्हा शाळेत, पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. १८४७ पर्यंत त्यांनी तेथले शिक्षण पुरे केले. १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली. १८५५ मध्ये फुले दांपत्याने कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तिच्यामागे स्वतःची सुटलेली शाळा आठवत नसेल, असे आम्हाला वाटत नाही. आमच्या सभांतून हल्ली फुल्यांच्या सोबत उस्मान शेख आणि फातिमा शेख यांची नावे घेतली जातात, ही चांगली गोष्ट आहे. मुन्शीजींचे नाव मात्र क्वचितच निघते. त्यांनी शाळा काढली नाही, देणगी दिली नाही. शेजारच्या बापाशी जाऊन बोलले, एवढेच त्यांचे काम. आम्हाला ते काम फार मोठे वाटते, आणि आमच्या मोहल्ल्यात ते करणारे किती जण आहेत याची मोजदाद कधी झालेली नाही.

आता आमच्या गावाकडे येऊ. जाफराबाद हे पूर्णा आणि केळणा या नद्यांच्या परिसरातले जुने ठाणे. गावाचे नाव मोगल काळातल्या जाफरखानावरून पडल्याचे सांगतात. याच केळणेच्या काठी असईजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दख्खनचे भवितव्य ठरून गेले. १९८१ च्या १ मे रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा जाफराबाद त्यात आले. त्याआधी ते औरंगाबाद जिल्ह्यात, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. पण शिक्षणाच्या दृष्टीने गावाची खरी ओळख अशी की ते सीमेवरचे गाव आहे. शेजारी बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. चिखली, देऊळगाव राजा ही नावे आमच्या रोजच्या बोलण्यातली, सोयरिकीची आणि बाजाराची. पण निजामाच्या काळात हद्द ओलांडली की शाळेची भाषा बदलत असे. तिकडे मराठी शाळा, इकडे सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू.

निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची पायाभरणी झाली आणि एका भारतीय भाषेतून थेट पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. भाषांतर विभाग निघाला, वैद्यक, गणित, कायदा यांची पुस्तके उर्दूत आली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा भाषापंडित होता आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे मुख्यालय काही काळ त्याच शहरात होते. याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असावा. पण त्या अभिमानात एक गोष्ट आम्ही सहसा सांगत नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे, माळ्याचे, महाराचे पोर घरी मराठी बोलत होते. प्राथमिक चार बुकांनंतर त्याच्यापुढे परकी भाषा येई आणि त्याची शाळा तिथेच थांबे. औरंगाबादेत सरस्वती भुवन, परभणीत नूतन विद्यालय अशा खाजगी शाळा मराठीसाठी झगडत होत्या, पण जाफराबादच्या पोराला औरंगाबाद किती लांब! त्या काळात शाळा सुटलेल्यांची जी एक पिढी आमच्या तालुक्यात तयार झाली, ती मोठ्या प्रमाणात बिगरमुसलमानांची होती, आणि ती भाषेमुळे तयार झाली होती.

शिवाय ती उर्दू तरी आमच्या सर्वांची होती का? खेड्यातला पिंजारी, तांबोळी, खाटीक, बागवान घरात दखनी बोलतो आणि बाजारात मराठी. उस्मानियाच्या पुस्तकातली अरबी-फारसी शब्दांनी ओथंबलेली उर्दू त्याच्या मुलाला जवळपास तितकीच परकी होती. मास्तर 'मुसल्लस' म्हणत आणि पोराला त्रिकोण दिसत नसे. धर्म एक म्हणून भाषा एक, हा समज तेव्हाही खोटा होता.

मग १९४८ आले. रझाकारांच्या जुलमाने गावेच्या गावे होरपळली होती. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत संस्थान भारतात आले आणि त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणी त्या जुलमाची किंमत निरपराध मुसलमानांनी मोजली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने त्या वर्षाच्या अखेरीस फिरून जो अहवाल दिला, तो कितीतरी दशके लोकांसमोर आला नाही. त्यात शिरण्याचे हे स्थळ नाही. शिक्षणापुरते बोलायचे तर चित्र उलटले. उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम सोडून इंग्रजी घेतले. मराठवाड्यातल्या शाळा मराठी झाल्या, आणि मराठीभाषकांना हक्काची शाळा मिळाली, हे योग्यच झाले. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. पोलीस, फौज, कचेरी यांतल्या नोकऱ्या गेल्या. त्यावर जगणारी घरे उघडी पडली आणि त्या घरांतली मुले उर्दू पाचवी-सहावीतून उठून मराठी पाचवी-सहावीत बसण्याऐवजी घरीच बसली. आधीच्या पिढीत शेजाऱ्याच्या मुलाचे जे झाले होते, ते आता आमच्या मुलाचे झाले. फरक एवढाच की शेजाऱ्याचे दुःख आम्हाला दिसले नव्हते आणि आमचे त्याला दिसले नाही.

या पिढीतले म्हातारे आम्ही पाहिले आहेत. घसीट अक्षरातला जुना कागद घडाघडा वाचणारे, सनदेतली तारीख हिजरीतून फसलीत आणि फसलीतून इसवीत तोंडी करून सांगणारे. पण बँकेच्या खिडकीशी ते अंगठा पुढे करत, कारण उर्दू सहीबद्दल उगाच प्रश्न येतील ही धास्ती. घरातली नातवंडे त्यांना अनपढ समजत. गंमत पाहा, २०२३ मध्ये आमच्याच जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांना उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. सत्तर वर्षे ज्या अक्षराला किंमत नव्हती, त्याच्यावर मराठा बांधवांच्या प्रमाणपत्राचा आधार ठरला. तोवर आमचे ते म्हातारे बहुतेक कबरस्तानात गेले होते.

त्यांच्या मुलांपुढे प्रश्न उभा राहिला तो परत कसे शिरायचे याचा. एक रस्ता अलीगढच्या जामिया उर्दूचा होता. १९३९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या अदीब, अदीब-ए-माहिर, अदीब-ए-कामिल या परीक्षा घरी अभ्यास करून देता येत. वर्गात न बसता, वयाची लाज न बाळगता शिकण्याची ही सोय उर्दूवाल्यांनी टपालावर चालवली, तीसुद्धा मुक्त विद्यापीठ हा शब्द आपल्या कानावर पडायच्या कितीतरी आधी. त्या परीक्षांना कुठे मान्यता मिळे, कुठे नाही. तरी पडद्यातल्या कितीतरी बायकांच्या नावापुढे पहिले प्रमाणपत्र लागले ते याच मार्गाने. दुसरा रस्ता मराठीतला, सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलचा. कवी नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते. त्यांनी प्रौढ वयात ही परीक्षा दिली आणि मुंबई महापालिकेच्या शाळेत मास्तर झाले. सुर्व्यांची कविता आमच्या संमेलनांतून खूप वाचली जाते, पण त्यांच्या या परीक्षेबद्दल कोणी बोलत नाही.

तिसरा आणि सर्वांत रुळलेला रस्ता सतरा नंबरचा. महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ च्या जानेवारीत अस्तित्वात आले. तेव्हा मॅट्रिक अकरावीची होती, १९७५ पासून ती दहावीची झाली. (जुन्या अकरावीवाल्यांचा रुबाब ज्यांनी सोसला आहे त्यांना अधिक सांगायला नको.) शाळेत नाव नसलेल्याला या परीक्षेला बसायचे तर नमुना १७ भरायचा. चौदा वर्षे पुरी असावीत, पाचवीपर्यंत तरी शाळा झालेली असावी, आणि जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून त्याला पदरात घ्यावी. ऐकायला सोपे आहे. अडचण अशी की परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते आणि फॉर्मची मुदत आदल्या पावसाळ्यातच सुरू होऊन संपत येते, पुढे विलंब शुल्क. आमच्या माणसाला शिकण्याची हुक्की येते ती दिवाळीनंतर, हातात कापसाचे चार पैसे आले की. तेव्हा कळते की वर्ष गेले. पुढच्या वर्षी हुक्की राहील याची खात्री कोणी द्यावी?

आणि मग दाखला. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आमच्याकडे 'टीशी' म्हणतात. ज्या शाळेने तुम्हाला सोडले किंवा तुम्ही जिला सोडले, तिच्याच दारात जाऊन तो आणायचा असतो. पंधरा वर्षांनी गेले तर मुख्याध्यापक नवे, जनरल रजिस्टरची पाने वाळवीने खाल्लेली. दाखला हरवला असेल तर प्रतिज्ञापत्र करा, दुसरी प्रत काढा. त्यात जन्मतारीख. आमची अर्धी पिढी १ जूनची आहे. शाळेत नाव घालताना आई सांगे, "त्या मोठ्या पुराच्या साली, रमजानच्या आगेमागे," आणि गुरुजी शाळा उघडण्याचा महिना पाहून १ जून लिहीत. मग आधारकार्डावर दुसरी तारीख, रेशनकार्डावर तिसरी.

नावाचे तर विचारूच नये. मराठवाड्यातल्या मुसलमानाचे नाव 'शेख अमुक शेख तमुक' असे असते. फॉर्मवर रकाने तीन, आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव. दाखल्यावर गुरुजींनी 'शे. अमुक शे. तमुक' लिहिलेले. आधारवर 'अमुक तमुक शेख'. एकीकडे 'बी' लावलेली, दुसरीकडे 'बेगम', तिसरीकडे नुसतीच. तीन कागदांवर तीन माणसे. शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणल्याशिवाय एकाच बाईला एकच बाई ठरवता येत नाही, अशी वेळ आमच्या घरात आली आहे. एका कार्यालयात निकाहनामा पुरावा म्हणून दिला. तो उर्दूत होता. साहेबांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि "हे वाचता येत नाही, भाषांतर करून आणा," म्हणून परत दिला. ते रागाने बोलले नाहीत, त्यांना खरेच वाचता येत नव्हते. पण दीडशे रुपये आणि जालन्याच्या दोन चकरा आमच्या गेल्या.

इतके असूनही माणसे बाहेरून बसतात. का बसतात? इल्मची आवड वगैरे आपण व्यासपीठावर बोलतो. प्रत्येक तालिमी जलशात पहिली वही 'इक्रा' या शब्दाने आली हे सांगितले जाते आणि ते खरेच आहे, पण सतरा नंबरची मुदत कधी संपते हे त्या जलशात कोणी सांगत नाही. लोक बसतात ते पोटासाठी. पासपोर्टवर ईसीआर असेल तर आखाती देशांत कामाला जाताना परवानगीची वेगळी भानगड असते, दहावी पास असेल तर ती नसते. या एका शिक्क्यापायी गवंडी, सुतार, वेल्डर यांनी भूमितीची प्रमेये पाठ केली. व्यावसायिक गाडीच्या परवान्याला २०१९ पर्यंत आठवीची अट होती. आता ती नाही, पण त्याआधी ट्रकच्या केबिनमध्ये पुस्तक ठेवून फिरणारे पोरगे आम्ही पाहिले आहेत. १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचे तर सातवी लागते. अंगणवाडी सेविकेला दहावी पुरत होती, २०२३ पासून बारावी मागू लागले. यातले काही नियम चांगले, काही जाचक. पण त्यांनी आमच्या माणसांना पुन्हा पुस्तकापाशी आणले, आणि पुस्तकापाशी आलेला माणूस हिशेब करून आला की आवडीने आला, यावरून त्याची लायकी ठरवू नये असे आम्हाला वाटते.

बायकांचा हिशेब वेगळा आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरात आला. सहा ते चौदा वयातली जवळजवळ पंचवीस टक्के मुसलमान मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती, असे त्यात म्हटले आहे. त्याच अहवालाने दाखवले की शाळेच्या वयातली अवघी तीन टक्के मुसलमान मुले मदरशांत शिकतात. म्हणजे सगळी मुले मदरशात जातात हा समज खोटा. ती कुठेच जात नव्हती, हे खरे दुखणे. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता ७१.५ टक्के, राज्यात नंदुरबारच्या वर आणि बाकी सर्वांच्या खाली. स्त्रियांची ६१ टक्क्यांच्या आसपास. यात आमच्या मोहल्ल्याचा वाटा कोणत्या बाजूला असेल हे सांगायला नको. गावात उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा दुसऱ्या गावी, एस.टी.ने, आणि तीही मराठीतून. मुलगा असेल तर त्याला सायकल देतात, मुलगी असेल तर तिच्यासाठी स्थळ पाहतात. शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून आला. दाखल्यावाचून प्रवेश नाकारता येणार नाही, वयानुसार वर्गात बसवावे, असे त्यात आहे. पण तो कायदा चौदा वर्षांना संपतो आणि आमच्या मुलीची शाळाही नेमकी तिथेच संपते.

ती परत येते ती तिशीच्या आसपास, पोरे शाळेत जायला लागल्यावर. तिला वर्गात बसता येत नाही. तिला जे सोयीचे, ते घरी बसून शिकणे. इथे मुक्त शिक्षणाचा इतिहास आमच्या दारापर्यंत येतो. केंद्रीय मंडळाने १९७९ मध्ये मुक्त शाळेचा प्रयोग सुरू केला, १९८९ मध्ये त्याचे राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले आणि २००२ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, म्हणजे एन.आय.ओ.एस. पाच विषय, पाच वर्षे, नऊ संधी. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो, पास झालेला विषय जमा राहतो. उर्दूतूनही देता येते आणि मराठीतूनही. आम्हाला विचाराल तर १९४८ साली आमच्या आज्याला हवी होती ती नेमकी हीच सोय. त्याच १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि त्याने अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, शाळेचा कागद नसलेल्यालाही पूर्वतयारी परीक्षेतून बी.ए.ची वाट दिली. अनेक बायका त्या वाटेने पदवीधर झाल्या. मात्र जाहिरातीत 'दहावी उत्तीर्ण' लिहिलेले असले की त्या पदवीधर बाईला दहावीचा कागद विचारला जातो आणि तिथे ती अडखळते. पुढे २०१७ च्या शासन निर्णयाने राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही ठरले, जिथे पाचवी, आठवी अशा टप्प्यांवरूनही सुरुवात करता येते. जाफराबादसारख्या ठिकाणी याची माहिती किती जणांना आहे, हे कोणत्याही मशिदीबाहेर जुम्याला उभे राहून विचारावे.

मदरशांच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवून ठेवू. २००९ पासून काही वर्षे चाललेल्या केंद्राच्या योजनेत मदरशांना एन.आय.ओ.एस.शी जोडून घेण्याची तरतूद होती. हिफ्ज पूर्ण केलेला मुलगा तिथेच बसून दहावी देऊ शकला असता. काही मदरशांनी केले, पुष्कळांनी शंकेने पाहिले. शंकेला कारणे होती, सरकारी हात कुठवर येईल याची भीती होती. पण जो हाफिज सहाशेच्या वर पाने पाठ करतो त्याला विज्ञानाचे दोनशे पानी पुस्तक जड जाईल, हे आम्हाला कधी पटले नाही.

आता फॉर्म ऑनलाईन झाले आहेत. सतरा नंबर, एन.आय.ओ.एस., मुक्त विद्यापीठ, सगळेच. औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विभागीय कार्यालयाच्या चकरा वाचल्या. गावातल्या सेवा केंद्रावर कागद स्कॅन होतो, शुल्क तिथेच भरले जाते. बालभारतीची पुस्तके मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात, एन.आय.ओ.एस.चे पाठ 'स्वयम'वर पाहता येतात. पण 'घरबसल्या दहावी, हमखास पास' अशा पाट्याही आल्या. ज्यांचे नाव कोणत्याही मान्यताप्राप्त यादीत नाही अशा मंडळांचे गुळगुळीत प्रमाणपत्र पाच-दहा हजारांना विकले जाते आणि पासपोर्टच्या पडताळणीत ते उघडे पडते. अर्ज ऑनलाईन असतो, दहावी ऑनलाईन नसते. पेपर केंद्रावर जाऊन, हाताने, तीन तास बसून लिहावा लागतो, हे आमच्या भावांना अजून समजावून सांगावे लागते.

कोरोनात २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली. नियमित मुलांना आधीच्या कामगिरीवर गुण दिले. बाहेरून बसणाऱ्याची आधीची कामगिरी कुठून आणायची? त्यांच्यासाठी निराळे सूत्र काढावे लागले. ते पास झाले, पण पुढची दोन वर्षे "तू कोरोनातला ना" हे ऐकत राहिले. घरात एकच फोन होता, तो दिवसा धाकट्याच्या शाळेला आणि रात्री आईच्या अभ्यासाला, अशीही घरे त्या काळात होती. कोणत्या पाहणीत ती मोजली गेली असतील असे वाटत नाही.

मागच्या पावसाळ्यात आम्ही गावातल्या एका सेवा केंद्रावर दुसऱ्याच कामाला बसलो होतो. एक बाई आल्या, सोबत आठवीतला मुलगा. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकच्या आवरणात जपलेला दाखला काढला. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. सातवीचा. सतरा नंबर भरायचा होता, मुदतीला चार दिवस होते. केंद्रावरच्या पोराने संगणकावर बोटे ठेवून विचारले, "आडनाव काय टाकू?"

"आधीचं का आत्ताचं?" बाईंनी विचारले.

"दाखल्यावरचं."

त्यांनी वडिलांचे नाव सांगितले. पोराने ते टंकले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. स्पेलिंग बरोबर आहे का, हे त्यांनी मुलाला विचारले. मुलाने वाचून पाहिले आणि एक अक्षर दुरुस्त करायला सांगितले.